जगाच्या इतिहासाचे बहुपर्यायी प्रश्न: 'मग' आणि 'म्हणून' यांतला फरक ओळखायचा सराव

जगाच्या इतिहासाचा पेपर अवघड जातो तो सनावळ्या पाठ नसतात म्हणून, असा समज सातारा-सांगलीकडच्या अभ्यासिकांमध्ये पक्का बसला आहे. मग भिंतीवर तक्ते लागतात, वह्या सालांनी भरतात आणि पेपरात प्रश्न येतो तो असा, की चारही पर्यायांतली सालं ओळखीची, चारही नावं ऐकलेली, आणि तरी उत्तर सुचत नाही. प्रश्न काढणारा चार पर्यायांपैकी एकच बरोबर लिहितो. उरलेले तीन तो विचारपूर्वक चुकीचे बनवतो. ते तीन कसे चुकीचे बनवले आहेत हे ओळखणं म्हणजेच या पेपराचा अभ्यास. तो रोज एक तास, सहा आठवडे कसा करायचा, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे.

आधी पेपरचा हिशोब

साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी हा या भागातल्या घराघरांत बोलला जाणारा विषय आहे, म्हणून उदाहरण त्याच परीक्षेचं घेऊ. एनडीएच्या सामान्य क्षमता चाचणीत १५० प्रश्न, ६०० गुण आणि वेळ अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, ओएमआर शीटवर गोल रंगवण्यासकट. त्यातले १०० प्रश्न सामान्य ज्ञानाचे आणि त्यांत इतिहासाच्या विभागाचा वाटा साधारण २० टक्के. या विभागात भारताच्या इतिहासाबरोबर अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती आणि रशियन राज्यक्रांती अभ्यासक्रमात नाव घेऊन दिलेली आहेत. विषयांची यादी लहान आहे, त्यामुळे प्रश्न रुंदीकडे न जाता खोलात जातो.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशोब एकदा कागदावर मांडा. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १.३३ वजा. चारही पर्याय सारखेच वाटत असताना डोळे झाकून गोल रंगवला, तर सरासरी हाती येतं शून्य. एक पर्याय खात्रीने गाळता आला, तर सरासरी ०.४४ गुण पदरात पडतात. दोन गाळले, तर १.३३. म्हणजे उत्तर माहीत नसलं तरी एक पर्याय कारणासकट गाळता येण्याला किंमत आहे, आणि सराव त्यासाठीच करायचा. प्राध्यापकपदासाठीच्या सेट परीक्षेला निगेटिव्ह मार्किंग नाही, तिथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. पण सेट-नेटच्या इतिहासाच्या पेपरात इतिहासलेखनपद्धतीवर वेगळा विभाग असतो, तेव्हा खालची साधनांची पायरी त्या मुलांनी दुप्पट वेळ करावी.

सामान म्हणाल तर दोनशे पानी वही, पट्टी, पेन्सिल, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी आणि मागच्या किमान दहा पेपरांतले इतिहासाचे प्रश्न. एनडीएचे जुने पेपर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. वाचायला नववी ते बारावीची सरकारी पाठ्यपुस्तकं पुरेत. महागड्या नोट्सचा गठ्ठा लागत नाही.

पायरी १: प्रश्नावर तीन खुणा

पर्यायांकडे न बघता आधी नुसता प्रश्न वाचायचा आणि पेन्सिलने तीन खुणा करायच्या. काळाला गोल, जागेला चौकोन आणि नेमकं काय विचारलंय त्या शब्दाखाली रेघ. तात्कालिक कारण, मूलभूत कारण, परिणाम, वैशिष्ट्य, अयोग्य विधान, अनुमान: हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. खुणा करून झाल्यावर पर्याय हाताने झाका आणि उत्तर कोणत्या प्रकारचं असेल ते मनात एका वाक्यात म्हणा. मगच हात काढा.

सुरुवातीला या कामाला प्रत्येक प्रश्नामागे वीस-पंचवीस सेकंद जातात आणि फार हळू चाललंय असं वाटतं. दोनेकशे प्रश्नांनंतर खुणा डोळ्यांनीच होऊ लागतात, पेन्सिल लागत नाही. ज्यांची चूक वारंवार 'अयोग्य विधान कोणते' या प्रश्नांत होते, त्यांनी त्या 'अयोग्य'वर पेन्सिल दाबून दोनदा रेघ मारावी. बरोबर विधान दिसलं की हात आपोआप तिकडे जातो, ही सवय मोडायला दुसरा उपाय नाही.

पायरी २: बारा चिठ्ठ्या

फ्रेंच राज्यक्रांतीच्या बारा चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर फक्त घटना. तारीख मागच्या बाजूला. ५ मे १७८९ ला व्हर्सायला तीन वर्गांच्या (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक) प्रतिनिधींची सभा भरली. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं. २० जूनला टेनिस कोर्टवरची शपथ. १४ जुलैला बॅस्टिलचा तुरुंग पडला. ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क सोडल्याची घोषणा. २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा. ५ ऑक्टोबरला बायकांचा मोर्चा व्हर्सायकडे निघाला. १० ऑगस्ट १७९२ ला तुइलरी राजवाड्यावर हल्ला. सप्टेंबर १७९२ मध्ये प्रजासत्ताक. २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईला गिलोटिन. २८ जुलै १७९४ ला क्रांतीचा जहाल नेता रोबस्पिएर याला गिलोटिन. ९ नोव्हेंबर १७९९ ला नेपोलियनने सत्ता हातात घेतली.

चिठ्ठ्या पिसा, घटनांची बाजू वर ठेवून ओळीने लावा, मग उलटून तारखा तपासा. इथपर्यंत सगळेच करतात. खरा सराव पुढे आहे. शेजारशेजारच्या दोन चिठ्ठ्यांवर बोट ठेवून मध्ये एक शब्द मोठ्याने म्हणायचा: 'मग' किंवा 'म्हणून'. तिसऱ्या वर्गाने राष्ट्रीय सभा जाहीर केली, आणि सभागृहाची दारं बंद केली गेली, म्हणून टेनिस कोर्टवर शपथ. इथे 'म्हणून' चालतं, कारण मधला दुवा सांगता येतो. मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला, मग बायकांचा मोर्चा. इथे 'म्हणून' म्हणून बघा, जीभ अडखळते. मोर्च्यामागे पावाची टंचाई आणि महागाई होती. राजाने ऑगस्टच्या निर्णयांना मान्यता द्यायची टाळाटाळ चालवली होती तीही त्यात मिसळली, पण जाहीरनाम्याने मोर्चा काढवला असं म्हणता येत नाही.

अकरा जागा, अकरा वेळा हा निर्णय. जिथे 'म्हणून' म्हणाल, तिथे मधला दुवा एका वाक्यात सांगता आलाच पाहिजे. नाही आला तर तो 'मग' समजा. कराड ते सातारा एसटीत बसलात तरी एवढं दोन-तीनदा सहज होतं. कालानुक्रम लावा आणि विधान-कारण, हे दोन्ही प्रकार या एकाच खेळातून तयार होतात.

रशियाच्या चिठ्ठ्या करताना एक खड्डा सांभाळा. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, ते विसाव्या शतकात तेरा दिवस मागे होतं. म्हणून 'फेब्रुवारी क्रांती' आपल्या हिशोबाने मार्च १९१७ मध्ये येते आणि 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरला. १९१८ मध्ये रशियाने कॅलेंडर बदललं आणि ३१ जानेवारीनंतरचा दिवस १४ फेब्रुवारी झाला. पर्यायात २५ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर या दोन्ही तारखा दिसल्या तर गोंधळू नका, दोन्ही एकच दिवस आहेत. चिठ्ठीच्या मागे दोन्ही लिहा.

पायरी ३: कारणं सुटी करणं

हा प्रश्न सोडवा.

१८६१ ते १८६५ या काळात मुंबई इलाख्यात कापसाचे भाव भडकले, याचं तात्कालिक कारण कोणतं?
(अ) सुएझ कालव्यामुळे युरोपशी व्यापार सोपा झाला
(ब) अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली
(क) मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या
(ड) इंग्लंडमध्ये सूतकताईचं यांत्रिकीकरण झालं

(अ) काळावर पडतो: सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. कारण परिणामाच्या नंतर येत नाही, हा सर्वांत स्वस्तात पर्याय गाळायचा मार्ग. (क) मध्ये घटना खरी आहे, मुंबईतल्या गिरण्या १८५० च्या दशकात सुरू झाल्या होत्या. पण मूठभर गिरण्यांच्या मागणीने असा भडका उडत नाही. शिवाय गिरण्या १८६५ नंतरही होत्या आणि भाव मात्र युद्ध संपताच कोसळले. जे कारण कायम राहिलं तरी परिणाम नाहीसा होतो, ते मुख्य कारण नव्हे. (ब) घ्या: एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटलं, त्याच महिन्यात लिंकनने नाकेबंदी जाहीर केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, त्यांनी मुंबईकडे धाव घेतली. एकेक दुवा 'म्हणून'ने जोडला जातो. नाकेबंदी काढून टाका, भडका उरत नाही.

आता (ड) कडे परत या, कारण इथेच चांगली मुलं चुकतात. इंग्लंडमध्ये यंत्रं आली नसती, तर लँकेशायरला एवढा कापूस लागलाच नसता. मग हे कारण नाही का? आहे, पण शंभरेक वर्षं आधीपासूनचं, पार्श्वभूमीचं. प्रश्नातला 'तात्कालिक' शब्द खोडून तिथे 'दीर्घकालीन पार्श्वभूमी' असं लिहा, आणि तेच चार पर्याय ठेवा. उत्तर (ब) वरून (ड) वर जातं. एक शब्द बदलला की उत्तर बदलतं, हे स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही. आठवड्यातून पाच जुने प्रश्न घ्या आणि रेघ मारलेला शब्द बदलून दुसरा पर्याय बरोबर ठरवता येतो का ते बघा.

विधान-कारण प्रकारालाही हीच कसोटी. आधी दोन्ही वाक्यं एकमेकांना झाकून स्वतंत्रपणे खरी की खोटी ते ठरवा. दोन्ही खरी निघाली, तर मध्ये 'कारण' हा शब्द घालून सलग वाचा. 'ब्रिटन ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्धात उतरला, कारण जर्मनीने तटस्थ बेल्जियममध्ये फौजा घुसवल्या.' बसलं. 'मार्च १९१८ मध्ये रशिया ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह करून युद्धातून बाहेर पडला, कारण एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली.' दोन्ही विधानं खरी आहेत, जोड खोटा आहे. पेपरात असे जोड मुद्दाम ठेवलेले असतात.

पायरी ४: एका सालाचा कागद

कॅलेंडरची कोरी पाठ आडवी धरा, मधोमध एक साल लिहा आणि त्या साली जगात, देशात आणि आपल्या भागात काय घडलं ते पसरून लिहा. मग पेन्सिलने बाण काढा: ज्या दोन घटनांमध्ये संबंध दाखवता येतो त्यांच्यातच. बाणावर दुवा लिहायचा. दुवा सुचला नाही तर बाण खोडायचा.

१८४८ पासून सुरुवात करा, कारण हे साल सातारकराला तसंही पाठ असतं. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं. त्याच साली फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा लुई फिलिपची राजवट गेली, मार्चमध्ये व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निक पायउतार झाला, फ्रान्सने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद केली. जुलैत अमेरिकेत सेनेका फॉल्सला स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. पुण्यात जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा काढली आणि नायगावच्या सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. कागद भरगच्च दिसतो आणि बाण काढायला हात शिवशिवतो. पॅरिस ते व्हिएन्ना बाण जरूर काढा. एका राजधानीतली बातमी दुसऱ्या राजधानीत पोचून ठिणगी पडली. पण पॅरिस ते सातारा? डलहौसीच्या निर्णयामागे कंपनीचं महसुलाचं आणि सलग मुलुखाचं गणित होतं. सेनेका फॉल्स आणि पुण्याची शाळा यांतही बाण काढायला आधार नाही, दोन्हींचं मोल कितीही मोठं असलं तरी. एकाच साली घडलेल्या गोष्टी परीक्षकाला फार आवडतात, कारण त्यांतून 'प्रेरणा मिळाली' असा पर्याय सहज बनतो.

पुढच्या आठवड्यात १९१९ घ्या. इथे बाण खरोखर निघतात. पॅरिसमधल्या शांतता परिषदेत चीनच्या शांतुंग प्रांतातले जर्मनीचे हक्क जपानला द्यायचं ठरलं, ती बातमी पोचली आणि ४ मे रोजी पेकिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जूनला, आणि चीनने सही केली नाही. तेव्हा 'व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्यामुळे ४ मेची चळवळ सुरू झाली' हा पर्याय आला तर तो तारखेवरच पडतो: चळवळ आधी, सही नंतर. बाण काढायचा तो परिषदेतल्या निर्णयापासून, सहीपासून नाही. हा सूक्ष्म फरक सनावळीच्या तक्त्यावर कधीच दिसत नाही, बाण काढायला बसलं की लगेच दिसतो. मार्चमध्ये कोरियात जपानविरुद्धचा उठाव, मॉस्कोत तिसऱ्या (कम्युनिस्ट) इंटरनॅशनलची स्थापना, १३ एप्रिलला जालियनवाला बाग, ऑगस्टमध्ये जर्मनीची वायमार राज्यघटना, हे सगळं त्याच कागदावर. आणि त्याच साली ऑक्टोबरमध्ये कराडजवळच्या काले इथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. रयतचा बाण सत्यशोधक चळवळीकडून येतो. व्हर्सायकडून बाण नाही. तो न काढणं हेही उत्तरच आहे.

दर आठवड्याला एक कागद पुरे: १७८९, १८४८, १८७१, १९१७, १९१९, १९४५. सहा आठवडे, सहा कागद.

पायरी ५: साधन वाचणं, गावातल्या दगडापासून

सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांत पहिल्या महायुद्धाचा स्मृतिदगड आहे. चावडीपाशी, शाळेच्या भिंतीत, कधी देवळाच्या आवारात. मजकूर थोडका असतो: या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गाव बदलतं, आकडा बदलतो, मजकूर तोच. सराव करायला यापेक्षा चांगलं साधन विकत मिळणार नाही. वही घेऊन समोर उभे राहा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा: हा कोणी लावला, कधी, कोणासाठी, त्यात काय म्हटलंय, आणि काय गाळलंय.

साल बघा. युद्ध तर ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं, मग दगडावर १९१९ का? कारण नोव्हेंबरात झाला तो शस्त्रसंधी. जर्मनीशी तह झाला तो जून १९१९ मध्ये. दगड लावणाऱ्याने तहाचं साल धरलं. शस्त्रसंधी आणि तह यांतला फरक विचारणारा प्रश्न आला, तर तो आता विसरला जाणार नाही. शब्द बघा: 'मारले गेले' असं नाही, 'प्राण दिले' असं आहे. ही सरकारची भाषा आहे, ती मरणाला दान ठरवते. गाळलेलं बघा: नावं नाहीत. कुठे मेले तेही नाही. मराठा पलटणींतली पुष्कळ माणसं मेसोपोटेमियात लढली. सहाव्या पुणे डिव्हिजनला २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमारा इथे उस्मानी फौजेपुढे शरण जावं लागलं. दगड यातलं काहीच बोलत नाही.

आता प्रश्न. या मजकुरावरून कोणता निष्कर्ष काढता येतो?
(अ) गावकऱ्यांचा ब्रिटिश राजवटीला पाठिंबा होता
(ब) गावातले पुरुष युद्धसेवेत होते आणि त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली
(क) हिंदुस्थानात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा होता
(ड) हिंदी सैनिकांमुळे उस्मानी साम्राज्य हरलं

उत्तर (ब), आणि ते फिकं वाटतं. साधनावरच्या प्रश्नांत बरोबर उत्तर बहुतेक वेळा फिकंच असतं, कारण ते साधनाच्या बाहेर एक पाऊलही टाकत नाही. (अ) मध्ये आकड्यावरून मनातला हेतू काढलाय. भरती होण्यामागे पगार, दुष्काळ, घराण्याची परंपरा, गावच्या अधिकाऱ्याचा दबाव, काहीही असू शकतं. (क) वस्तुस्थितीतच चूक: ब्रिटनमध्ये १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, हिंदुस्थानात तसा कायदा नव्हता. (ड) एका गावाच्या दगडावरून साम्राज्याचा निकाल लावतो. ज्यांना आपल्या भागाचा अभिमान आहे, आणि तो असावाच, त्यांनी हा चौथा पर्याय नीट ओळखून ठेवावा. अभिमान पर्याय निवडायला लागला की गुण जातात.

जुनं व्यंगचित्र, भित्तिपत्रक, करारातलं कलम, सगळ्यांना हेच पाच प्रश्न. आठवड्याला दोन साधनं वाचा, प्रत्येकी पंधरा मिनिटं.

पायरी ६: तुलना आणि बदल

हे लवकर उरकतं. तुलनेत एकच चूक होते: दोन बाजूंना दोन वेगळे निकष लावले जातात. अमेरिकन आणि फ्रेंच क्रांतीची तुलना करताना आधी निकष लिहा, उदाहरणार्थ 'राजाचं काय झालं', आणि दोन्हींकडे तोच लावा. अमेरिकेने इंग्लंडच्या राजाचा अंमल झुगारला, पण तो राजा इंग्लंडमध्ये गादीवर राहिलाच. फ्रान्सने स्वतःच्या राजाचा शिरच्छेद केला. 'दोन्ही क्रांतींनी आपापल्या देशातली राजेशाही उलथवली' हा पर्याय त्यामुळे पडतो.

बदलाच्या प्रश्नांत 'कायमचा', 'पूर्णपणे', 'प्रथमच' या शब्दांवर थांबा. क्रांतिकारी फ्रान्सने १७९४ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, आणि अखेर ती गेली १८४८ मध्ये. तुमच्या १८४८ च्या कागदावर ही नोंद आधीच आहे.

पायरी ७: चुकांची वही

रोज पंधरा प्रश्न, घड्याळ लावून पंधरा मिनिटांत. त्यानंतरची पंचेचाळीस मिनिटं पर्याय उघडायला. बरोबर आलेल्या प्रश्नांचेही तिन्ही चुकीचे पर्याय तपासायचे आणि प्रत्येकापुढे एकच शिक्का लिहायचा:

काळ (आधीचं-नंतरचं), जागा, अतिरेक, उलटं (परिणामाला कारण म्हटलंय), साधनाबाहेर, आणि 'खरं पण उत्तर नाही'.

शेवटचा शिक्का सर्वांत धोक्याचा. त्या पर्यायातलं विधान पुस्तकात असतं, तुम्ही ते वाचलेलं असतं, ओळख पटल्याच्या आनंदात गोल रंगवला जातो. पंधरा प्रश्नांचे पंचेचाळीस चुकीचे पर्याय. रोज पंचेचाळीस शिक्के. पहिल्या आठवड्यात निम्म्यांना कोणता शिक्का द्यावा कळणार नाही. तिथे पुस्तक उघडा. हाच अभ्यास आहे, आणि सालं इथे पाठ न करता लक्षात राहतात.

स्वतःच्या चुका वेगळ्या पानावर: प्रश्न क्रमांक, आपण निवडलेला पर्याय, त्याचा शिक्का, आणि का निवडला ते एका ओळीत. 'घाईत वाचलं' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'अयोग्य शब्द वाचला नाही' असं लिहा. साठ-सत्तर चुका जमल्या की शिक्के मोजा. बहुतेकांच्या चुका दोनच शिक्क्यांत गोळा झालेल्या दिसतात. 'काळ' जास्त असेल तर रोज चिठ्ठ्या, 'उलटं' जास्त असेल तर सालाचे कागद, 'साधनाबाहेर' जास्त असेल तर दगड.

चौथ्या आठवड्यापासून दर रविवारी पाच प्रश्न स्वतः तयार करा. बरोबर पर्याय लिहायला मिनिट लागतं. तीन वेगवेगळ्या शिक्क्यांचे, पटण्याजोगे चुकीचे पर्याय लिहायला वीस मिनिटंही कमी पडतात. अभ्यासिकेतल्या सोबत्याशी अदलाबदल करा. त्याने तुमचा चुकीचा पर्याय निवडला, तर त्याला शिक्का ओळखायला लावा.

बहुतेकांचा सराव फसतो तो एका जागी: टेस्ट सिरीजमागून टेस्ट सिरीज सोडवली जाते, गुण मोजले जातात आणि पर्याय कधीच उघडले जात नाहीत. शंभर गुणांची टेस्ट सोडवून बंद करण्यापेक्षा पंधरा प्रश्न फाडून बघितलेले बरे.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी

एनडीएच्या सामान्य ज्ञानाचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत छापलेले असतात, मराठीत नाही. विषय येत असूनही इथे गुण जातात, म्हणून वहीची शेवटची दोन पानं यासाठी राखून ठेवा. तीन रकाने करा: मराठी, हिंदी आणि इंग्रजी उच्चार देवनागरीत. वसाहतवाद म्हणजे हिंदीत उपनिवेशवाद, इंग्रजीत कलोनियलिझम. सरंजामशाही म्हणजे सामंतवाद, फ्यूडलिझम. तह म्हणजे संधि, ट्रीटी. मराठी डोळ्याला 'वर्साय की संधि' म्हणजे कसली तरी संधी चालून आल्यासारखं वाटतं. शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण. 'शिक्षा पर राज्य का नियंत्रण' या पर्यायात कोणालाही दंड झालेला नाही. राष्ट्रसंघ म्हणजे १९२० ची लीग ऑफ नेशन्स आणि संयुक्त राष्ट्र म्हणजे १९४५ ची यूएन. पहिला शब्द सुटला तर पंचवीस वर्षांची चूक होते.

सर्वांत फसवा शब्द प्रबोधन. आपल्या पाठ्यपुस्तकात प्रबोधन म्हणजे रेनेसान्स, इटलीतून सुरू झालेलं, लिओनार्दो आणि मायकेलअँजेलोचं. हिंदीत त्यासाठी पुनर्जागरण येतो, आणि प्रबोधन हा शब्द व्होल्तेर-रूसोच्या अठराव्या शतकासाठी, म्हणजे एनलाइटनमेंटसाठीही वापरला जातो. हिंदी प्रश्नात 'प्रबोधन' दिसला की शेजारचं इंग्रजी वाक्य वाचा, आणि मगच गोल रंगवा.